जाताना १७ तास, मग येताना कमी का?

प्रश्न: पर्थ ते लंडन थेट विमानाने अंतर किती आणि वेळ किती लागतो? येतानाची वेळ कमी का दाखवतात?

उत्तर: अंतर साधारण १४,५०० किलोमीटर, जाताना सतरा तासांच्या वर लागतात आणि येताना थोडे कमी, कारण वर दहा-बारा किलोमीटरवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरात वाहणारे वारे असतात, त्याला जेट स्ट्रीम म्हणतात, येताना तो पाठीवर मिळतो आणि जाताना तोंडावर बसतो. अंतर तेच हं, फक्त वारा बदलतो. आणि तिकिटावरच्या वेळा नुसत्या वजा करू नका प्लीज, त्या दोन्हीकडच्या स्थानिक वेळा असतात! पर्थ लंडनच्या हिवाळ्यात ८ तास पुढे, उन्हाळ्यात ७. म्हणजे उन्हाळ्यात पर्थहून संध्याकाळी पावणेसातला निघून पहाटे पाचला उतरलात तरी प्रवास सव्वादहा तासांचा नाही, ते ७ तास त्यात मिळवायचे.