जुनी लाकडी चौकट : रंगवावी की पॉलिशच ठेवावे?

प्रश्न : आम्ही घेतलेले घर जुने आहे. दारांच्या चौकटी, खिडक्या आणि भिंतीलगतच्या पट्ट्या सागवानी आहेत, पण पार काळवंडल्या आहेत. खोल्या अंधाऱ्या वाटतात. सगळे पांढरे रंगवून टाका, असे घरच्यांचे म्हणणे. माझे मन होत नाही. काय करावे?

उत्तर : रंगाचा डबा उघडण्याआधी एक खिडकी नुसती पुसून पाहा. जुन्या चौकटीचा काळेपणा बहुतेक वेळा लाकडाचा नसतोच. हातांचा तेलकटपणा, धूर, धूळ आणि वर्षानुवर्षे चोपडलेले मेण यांचा तो थर असतो. मिनरल टर्पेंटाइनमध्ये सुती फडके भिजवून लाकडाच्या रेषांच्या दिशेने पुसा आणि फडके बदलत राहा. तपकिरी मळ उतरायचा थांबला की सौम्य साबणाच्या पाण्यात पिळलेले फडके फिरवा, लगेच कोरडे करा आणि दुसऱ्या दिवशी उजेडात बघा. निर्णय त्यानंतर घ्या.

मग पॉलिश कोणते आहे ते ओळखा. बिजागरीजवळच्या, सहज न दिसणाऱ्या जागी मिथिलेटेड स्पिरिटचा बोळा अर्धा मिनिट दाबून धरा. जागा चिकट झाली, तर पॉलिश लाखेचे आहे. स्पिरिटने काही झाले नाही, पण लॅकर थिनरने थर मऊ पडून विरघळू लागला, तर लॅकर. दोन्हींना दाद दिली नाही, तर बहुधा वॉर्निश. लाखेचे निघाले तर काम फार सोपे होते, कारण नवी लाख जुन्या थरात विरघळून एकजीव होते आणि खरवडावे लागत नाही. एक लिटर स्पिरिटमध्ये १२० ग्रॅम चपडा लाख रात्रभर भिजवा, गाळून घ्या आणि तासा-दीड तासाच्या अंतराने दोन-तीन पातळ हात द्या. हवा दमट असेल त्या दिवशी हे काम करू नका. थरावर पांढुरका धुरकटपणा येतो.

अंधाराचे म्हणाल, तर आधी भिंती आणि छत फिकट रंगवा. तेवढ्यानेच खोली किती उजळते ते पाहून मग चौकटींचे ठरवा. हा क्रम आम्ही आग्रहाने सांगतो, कारण भिंतीचा रंग केव्हाही बदलता येतो. सागवानाच्या छिद्रांत आणि नक्षीच्या खाचांत बसलेला पांढरा रंग पुरता कधीच निघत नाही.

तरीही रंग हाच योग्य उपाय ठरावा, अशा चौकटी असतात. वेगवेगळ्या लाकडांचे तुकडे जोडलेल्या, जागोजागी लांबी (पुट्टी) भरलेल्या किंवा मुळातच साध्या, गाठाळ लाकडाच्या. त्या खुशाल रंगवा, पण नुसत्या पाण्याच्या प्राइमरवर विसंबू नका. सागवानातली रंगद्रव्ये आणि गाठींतली राळ पांढऱ्या रंगातून वर येतात आणि काही आठवड्यांत पिवळे-तपकिरी डाग दिसू लागतात. मळ काढून १८० नंबरच्या पॉलिशपेपरने चकाकी मोडा (पूर्वी कधी रंग लागला असेल, तर घासण्याआधी पुढचे उत्तर वाचा), धूळ पुसा आणि लाखेच्या प्राइमरचे दोन पातळ हात द्या, रंग त्यावर. तीन बाजूंच्या एका चौकटीची लांबी साधारण ५.१ मीटर आणि वळसा धरून रुंदी २५ सेंमी म्हटली, तर क्षेत्रफळ सुमारे १.३ चौरस मीटर होते. एक लिटर रंग एका हाताला १० ते १२ चौरस मीटर पुरतो, म्हणजे दहा चौकटींच्या दोन हातांना अडीच लिटर लागेल. झडप आणि चौकटीत २ ते ३ मिमी फट राहते ना, हे आधीच तपासा. थर वाढले की दारे अडकतात. आणि पाण्याचा रंग हाताला सुकलेला वाटला, तरी पहिले काही दिवस खिडक्या घट्ट लावू नका. रंग रंगाला चिकटतो आणि उघडताना पापुद्रा निघतो.

प्रश्न : आमच्या चौकटींवर आधीच चार-पाच रंगांचे थर आहेत. घासून लाकूड मोकळे करू का?

उत्तर : कोरडे घासू नका. जुन्या तैलरंगांत शिसे असू शकते आणि त्याची धूळ लहान मुलांना व गरोदर स्त्रियांना सर्वांत घातक. आधी रंगाच्या पापुद्र्याची प्रयोगशाळेत तपासणी करून घ्या. शिसे निघाले तर हे काम प्रशिक्षित माणसाकडे द्या. घरात मूल असेल तर याला पर्याय नाही. शिसे नसेल, तर रंग मऊ करणारे रिमूव्हर लावून बोथट पत्र्याने सोला. खिडक्या उघड्या आणि हातमोजे हवेतच. पण आधी हाताच्या पंज्याएवढी जागा मोकळी करून खाली काय आहे ते पाहा. पॅचवर्क निघाले, तर पुढची मेहनत वाया जाईल.

प्रश्न : खिडकीखालच्या लाकडावर पाण्याचे काळे डाग आहेत. घासून जात नाहीत.

उत्तर : खिळ्याचे किंवा इतर लोखंड आणि पाणी लाकडातल्या टॅनिन या तुरट द्रव्याशी मिळून हा डाग पडतो. तो खोल असतो, म्हणून घासून खड्डा पडतो, डाग राहतो. पॉलिश काढून एक लिटर गरम पाण्यात ६० ते ८० ग्रॅम ऑक्झॅलिक ॲसिड विरघळवा आणि डागाबरोबर ती पट्टी पूर्ण रुंदीत ओली करा, नाहीतर कडेने फिकट ठिपका उरतो. सुकल्यावर दोन-तीनदा पाण्याने धुवा. ॲसिड विषारी आहे : हातमोजे, चष्मा घाला, आणि वाळलेली पांढरी भुकटी घासून उडवू नका. लाकडाला ओलसर असताना स्टीलवुल लावू नका. त्यातले तुटलेले लोखंडी तंतू गंजून हाच डाग पुन्हा पाडतात.