फिनिशिंग १७, तरी गोल का नाही? फुटबॉल मॅनेजरमधील न दिसणाऱ्या गुणांविषयी

फुटबॉल मॅनेजर हा संगणकावरचा खेळ, त्यात आपण संघाचा व्यवस्थापक होऊन खेळाडू निवडतो आणि डावपेच आखतो. राजेंद्रनगरच्या आपल्या रविवारच्या मंडळींनी इंदुरात त्याचा जो सामायिक सेव्ह (सर्वांनी मिळून पुढे नेलेला एकच डाव) चालवला आहे, त्यातील आपल्या संघाबद्दल तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. पहिली अशी की, फिनिशिंग (संधीचे गोलात रूपांतर करण्याचे कौशल्य) १७ असलेल्या तुमच्या आघाडीवीराने सलग पाच सामन्यांत एकही गोल केला नाही आणि प्रतिस्पर्ध्याचा १३ फिनिशिंगचा खेळाडू मात्र गोल करत सुटला आहे; तेव्हा खेळ निकाल आधीच ठरवून ठेवतो का? दुसरी अशी की, अकादमीतला, प्रशिक्षकांनी साडेचार तारे दिलेला १७ वर्षांचा मुलगा दोन हंगाम जागच्या जागी का थांबला आहे? तुम्ही २०२४ ची आवृत्ती खेळता, म्हणून पुढचे सारे तिलाच धरून लिहितो. २०२६ च्या आवृत्तीत ‘ड्यूटी’ (भूमिकेला जोडलेला बचाव, आधार वा आक्रमण असा कल) काढून टाकल्या असून चेंडू आपल्याकडे असतानाच्या आणि नसतानाच्या भूमिका वेगळ्या केल्या आहेत, त्यामुळे डावपेचांविषयीचा मजकूर तेथे जसाच्या तसा लागू होणार नाही.

निकाल आधी ठरवून त्याप्रमाणे सामना दाखवला जात नाही. मात्र पडद्यावर १ ते २० या मोजमापात दिसणारा आकडा आणि मैदानावर घडणारी कृती यांच्यामध्ये बरेच काही असते, आणि तेच समजून घेण्यासारखे आहे.

सर्वप्रथम त्या पाच सामन्यांतील फटक्यांची प्रत पाहा. २०२१ च्या आवृत्तीपासून खेळात ‘एक्सजी’ हा आकडा मिळतो. एखाद्या फटक्यातून गोल होण्याची शक्यता किती, हे तो सांगतो. पेनल्टीचे मोल साधारण पाऊण गोल असते, तर गर्दीतून वा लांबून मारलेल्या फटक्याचे मोल एकदशांश किंवा त्याहूनही कमी असते. तुमच्या खेळाडूने पाच सामन्यांत एकदशांश मोलाचे दहा फटके मारले असतील, तर एकही गोल न होण्याची शक्यता सुमारे ३५ टक्के राहते, म्हणजे साधारण तीन वेळांत एकदा असे घडते. अशा फटक्यांवर फिनिशिंग १७ चा परिणाम होतो, पण मर्यादित होतो. फिनिशिंगची पाळी अगदी शेवटच्या क्षणी येते. त्याआधी मोकळी जागा हेरून तेथे पोहोचणे, पास कोठे येणार हे ओळखणे, चेंडू एका स्पर्शात ताब्यात घेणे, मारायचा की द्यायचा हे ठरवणे आणि अंगावर बचावपटू असताना गडबडून न जाणे, ही सर्व कामे वेगळ्या गुणांची आहेत. प्रतिस्पर्ध्याच्या १३ वाल्याचे ‘ऑफ द बॉल’ (चेंडूविना योग्य जागी पोहोचणे), ‘अँटिसिपेशन’ (पुढचे ओळखणे) आणि ‘कंपोजर’ (दडपणात शांत राहणे) हे तीन रकाने उघडून पाहा. मला वाटते, तुमचे उत्तर निम्मे तेथेच मिळेल. दुबळ्या पायाकडेही लक्ष द्या, कारण एकाच पायाने खेळणाऱ्या आघाडीवीराला बचावपटू नकोशा बाजूला ढकलत राहतात.

आता पडद्यावर न दिसणाऱ्या गुणांकडे येतो. प्रत्येक खेळाडूच्या नोंदीत सातत्य, महत्त्वाच्या सामन्यांतील खेळ, दुखापतीची प्रवृत्ती, आडदांडपणा आणि अनेक जागी खेळण्याची क्षमता हे गुण असतात. स्वभावाच्या बाजूने व्यावसायिकता, महत्त्वाकांक्षा, निष्ठा, दडपण सोसण्याची ताकद, संयम, खिलाडूवृत्ती, वाद ओढवून घेण्याची सवय आणि नव्या देशात रुळण्याची तयारी हे असतात. तुमच्या प्रश्नाशी यांतील सातत्याचा संबंध सर्वांत जवळचा आहे. खेळाडू आपल्या पूर्ण कुवतीने किती वारंवार खेळतो, हे त्यावर ठरते. म्हणून सातत्य कमी असलेला १७ वाला अनेक सामन्यांत १७ वाला नसतोच. होळकर संघाने चार वेळा रणजी करंडक जिंकल्याच्या गोष्टी आपल्याकडे घराघरांत सांगितल्या गेल्या, आणि त्या ऐकत वाढलेल्या इंदूरकराला साध्या सामन्यातला फलंदाज आणि अंतिम सामन्यातला फलंदाज यांतील फरक वेगळा समजावून सांगावा लागत नाही. ‘महत्त्वाच्या सामन्यांतील खेळ’ हा गुण नेमका तोच फरक आकड्यात धरतो.

हे आकडे एडिटरमध्ये, म्हणजे खेळातील नोंदी पाहण्या-बदलण्याच्या साधनात, उघडून पाहता येतात. तरीही सामायिक सेव्हमध्ये तसे कोणी करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण एकाने पाहिले की बाकीच्यांच्या शोधाला अर्थ उरत नाही. शिवाय आकडे न उघडताही कामापुरती माहिती खेळ स्वतःहून देतो. स्काउटच्या (खेळाडू पारखणाऱ्या सहायकाच्या) अहवालात गुणदोषांच्या रकान्यात खेळाडू सातत्याने चांगला खेळतो, मोठ्या सामन्यांत खुलतो किंवा वारंवार जायबंदी होतो, अशी वाक्ये येतात, आणि ती थेट या लपलेल्या आकड्यांवरून आलेली असतात. अहवाल अपुरा असेल तर ती वाक्ये येतच नाहीत, म्हणून खेळाडूची माहिती पूर्ण होईपर्यंत स्काउटला मागे घेऊ नका. व्यक्तिमत्त्वाचा शब्दही बोलका असतो: ‘मॉडेल सिटिझन’, ‘प्रोफेशनल’ किंवा ‘रिझोल्यूट’ हे शब्द दिसले तर स्वभावाचा पाया पक्का आहे असे समजावे, ‘कॅज्युअल’ वा ‘स्लॅक’ दिसले तर सावध व्हावे. ‘बॅलन्स्ड’ या शब्दावरून मात्र फारसे काही ठरवू नये. त्यात चांगले, मध्यम असे बरेच स्वभाव सामावतात. अशा वेळी पत्रकारांशी वागण्याची पद्धत पाहावी, कारण तेथे ‘लेव्हल-हेडेड’ असेल तर संयम चांगला आणि ‘व्होलाटाइल’ असेल तर तो कमी, एवढे तरी कळते.

असे असले तरी तुमच्या संघाची मांडणी वाचल्यावर मला मुख्य दोष खेळाडूत दिसत नाही. तुम्ही मेंटॅलिटी, म्हणजे संघ किती जोखीम घेऊन खेळेल ती पातळी, ‘व्हेरी अटॅकिंग’ ठेवली आहे आणि वर जलद टेम्पो (खेळाचा वेग), जास्त रुंदी, उंच बचावरेषा आणि थेट पास या चारही सूचना दिल्या आहेत. मेंटॅलिटी ही केवळ मनोवृत्तीची पाटी नाही. ‘व्हेरी डिफेन्सिव्ह’पासून ‘व्हेरी अटॅकिंग’पर्यंतच्या सात पायऱ्यांपैकी प्रत्येक वरची पायरी टेम्पो, रुंदी, बचावरेषेची उंची, प्रेसिंगची (चेंडू हिसकावण्यासाठी अंगावर जाण्याची) तीव्रता आणि पासमधली जोखीम या सगळ्यांची मूळ पातळीच वर नेते, आणि तुमच्या सूचना त्या उचललेल्या पातळीच्या वर जाऊन बसतात. त्यामुळे ‘जलद टेम्पो’ ही एकच सूचना ‘कॉशस’ (सावध) मेंटॅलिटीच्या संघात मध्यम वेग देते आणि तुमच्या संघात घाई निर्माण करते. त्या घाईत मध्यरक्षक पहिली दिसेल ती उभी पास देतो, स्वतःच्या अर्ध्यात अडकून पडलेला प्रतिस्पर्धी संघ आपल्या पेनल्टी पेटीसमोर दाटीने उभा राहतो, आघाडीवीराला बचावाच्या मागे पळायला जागा उरत नाही, आणि तो मघाशी सांगितलेले एकदशांश मोलाचे फटके मारत राहतो. दुसरीकडे तुमच्या उंच रेषेमागे मोकळे मैदान पडते आणि तेथून धावत आलेल्या १३ वाल्याला समोर फक्त गोलरक्षक दिसतो. त्याचे फटके कमी असतील, पण प्रत्येकाचे मोल तुमच्याकडच्या तीन-चार फटक्यांएवढे असेल. मेंटॅलिटी ‘पॉझिटिव्ह’वर आणा, टेम्पो आणि थेट पास या दोन सूचना काढून टाका, आणि पुढचे काही सामने ठळक क्षणांऐवजी सविस्तर स्वरूपात पाहा; आघाडीवीराला पास मिळतो तेव्हा त्याच्यासमोर किती बचावपटू आहेत, एवढेच मोजा.

अकादमीतल्या त्या मुलाविषयी थोडक्यात सांगतो. तारे ही तुमच्या प्रशिक्षकांची अंदाजी मते असतात, आणि ती तुमच्याच संघाच्या तुलनेत दिलेली असतात. भारतीय लीगमधल्या संघातील साडेचार तारे युरोपातल्या बड्या संघात दीड-दोनच भरतील. खेळाच्या आत प्रत्येकाची सध्याची आणि संभाव्य क्षमता २०० पैकी मोजलेली असते, आणि संभाव्य क्षमता ही केवळ कमाल मर्यादा आहे, तेथवर पोहोचण्याचे वचन नव्हे. तेथवर नेणारा सर्वांत मोठा न दिसणारा गुण म्हणजे व्यावसायिकता. तुमचा हा तरुण खेळाडू ‘कॅज्युअल’ आहे, म्हणून त्याच्या प्रशिक्षणाचा वेळापत्रकी भाग बदलून फारसा लाभ होणार नाही. २०१९ च्या आवृत्तीपासून आलेल्या ‘मेंटॉरिंग’मध्ये (ज्येष्ठांच्या सहवासातून तरुणाचा स्वभाव घडवण्याच्या सोयीत) किमान तिघांचा गट करावा लागतो, त्यात संघात वजन असलेले, ‘प्रोफेशनल’ स्वभावाचे दोन ज्येष्ठ खेळाडू ठेवा आणि त्या मुलाशिवाय दुसरा सैल स्वभावाचा कोणी घेऊ नका. स्वभाव बदलण्यास महिने लागतात, पण या वयात तो बदलतो. अठराव्या वर्षानंतर त्याला बाकावर बसवून ठेवण्यापेक्षा जेथे नियमित खेळायला मिळेल अशा, त्याच्या कुवतीच्या जवळच्या संघाकडे लोनवर (तात्पुरते उसने) पाठवा. आणि पाठवण्याआधी तेथील प्रशिक्षण सुविधांचा दर्जा अवश्य पाहा.