बरोबर उत्तर नसलेल्या पेपरची धास्ती

‘सामाजिक शास्त्रांचे तत्त्वज्ञान’ हा पेपर घेतलेली मुलं समुपदेशक म्हणून माझ्याकडे बहुतेक एकच तक्रार घेऊन येतात: इथं बरोबर उत्तरच नसतं, मग मार्क कशावर देतात? संख्याशास्त्रात गणित कुठं चुकलं ते दिसतं. इथं दिसत नाही, म्हणून धास्ती जास्त.

त्यातलीच एक मुलगी. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) मराठवाड्यातल्या खेड्यातून पुण्यात एम.ए.ला आलेली, बी.ए. मराठी माध्यमातून, कॉलेजात पहिली. इथल्या पहिल्याच निबंधाला वीसपैकी सात मिळाले आणि तिची झोप उडाली. “मॅडम, थिअरी आपल्यासारख्यांचं काम नाही,” हे ती पुन्हापुन्हा म्हणत होती. सात गुणांपेक्षा मला या वाक्याची काळजी वाटली.

निबंधच घेऊन ये म्हटलं. प्रश्न होता, दुसऱ्या समाजाच्या श्रद्धांना आपल्या तर्काचे निकष लावता येतात का? आफ्रिकेतल्या अझांदे लोकांबद्दल मानवशास्त्रज्ञ इव्हान्स-प्रिचर्ड यांनी १९३७ साली लिहिलं. धान्याची कोठी कोसळून खाली सावलीला बसलेली माणसं जखमी होतात. खांब वाळवीनं पोखरले होते, हे अझांदेंना पक्कं ठाऊक असतं. पण नेमकी हीच माणसं खाली बसलेली असताना ती का कोसळली, याचं उत्तर ते चेटकात शोधतात. याला फसलेलं विज्ञान समजू नका, त्यांच्या जगण्याच्या चौकटीतून समजून घ्या, असं तत्त्वज्ञ पीटर विंच यांनी १९६४ साली मांडलं. मॅकिंटायर यांच्यासारख्या तत्त्वज्ञांनी त्यावर आक्षेप घेतला.

तिनं हे सगळं लिहिलं होतं आणि शेवटी, ‘दोन्ही बाजू महत्त्वाच्या आहेत’. सरांनी समासात पेन्सिलीनं दोनच शब्द लिहिले होते: ‘तुझं म्हणणं?’

“बरं, तुला काय वाटतं?” मी विचारलं.

बराच वेळ ती गप्प होती. मग म्हणाली, “आमची आजी दृष्ट काढते, मीठ-मोहरीनं. पण आधी डॉक्टरकडे नेते. ताप कशानं आला ते डॉक्टर सांगेल म्हणते, पण आपल्याच लेकराला का, हे त्याला कुठं ठाऊक? मॅडम, तिला दोन वेगळे प्रश्न कळतात. ती अडाणी नाही.”

“मग हे का नाही लिहिलंस?”

“असलं चालतं का?”

चालतं. पण आजीची गोष्ट हा दाखला झाला. युक्तिवाद तुलाच उभा करायचा आहे, हेही मी तिला सांगितलं. मग एका पानावर तिनं चार ओळी लिहिल्या: माझं म्हणणं, त्याचं कारण, विरोधकाचा सगळ्यात भक्कम मुद्दा, त्याला माझं उत्तर. तिसऱ्या ओळीवर अडली. आजीचा दुसरा प्रश्नच मुळात चुकीचा आहे असं कुणी म्हटलं तर? या विषयात गुण असतात ते या अडण्याशी झुंजण्याला. नोट्स कितीही नेटक्या उतरवल्या तरी हे काम उरतंच, आणि शाळेपासून आपण मुलांना ते कधी शिकवलेलंच नसतं.

‘आपल्यासारख्यां’च्या बाबतीत मी तिची नुसती समजूत घातली नाही. भारतातल्या सामाजिक शास्त्रांत काहींनी सिद्धांत मांडायचे आणि बाकीच्यांनी माहिती गोळा करायची, या उतरंडीवर राज्यशास्त्राचे अभ्यासक गोपाळ गुरू यांनी २००२ साली थेट बोट ठेवलं होतं. तो लेख मी तिला वाचायला दिला. तिला जाचत होतं ते तिच्या एकटीच्या डोक्यातलं खूळ नव्हतं, आणि त्यावर वाद घालायची जागा तिच्याच अभ्यासक्रमात होती.

पुढच्या निबंधाला बारा गुण मिळाले. आक्षेपाचं उत्तर लंगडं आहे, असा सरांचा शेरा. या वेळी ती शेरा घेऊन माझ्याकडे न येता सरांच्या केबिनमध्ये गेली.

तुमचंही असं होत असेल तर लिहायला बसण्याआधी गुण कशाकशाला आहेत ते शिक्षकांना विचारा; विचारण्यात कमीपणा नाही. शेरा कळला नाही तर वही घेऊन भेटा. आणि झोप, जेवण दोन-दोन आठवडे बिघडलेलं राहिलं, तर निकालाची वाट न बघता समुपदेशकाकडे या.