मेजवानी सोडून गेलेला राजा

प्रश्न : इंग्लंडचा अँग्लो-सॅक्सन राजा एडविग स्वतःच्या राज्याभिषेकाची मेजवानी सोडून एका स्त्रीकडे निघून गेला, असे वाचनात आले. चारच वर्षे राज्य केलेल्या या तरुण राजाची ही कथा कितपत खरी मानावी?

उत्तर : कथा जुनी आहे, परंतु ती कोणी सांगितली हे पाहिल्याशिवाय तिच्यावर विसंबू नये. नोव्हेंबर ९५५ मध्ये चुलता एड्रेड निपुत्रिक वारला, तेव्हा एडविग जेमतेम पंधरा वर्षांचा होता. अभिषेकाच्या दिवशी तो सरदारांच्या पंक्तीतून उठून गेला, मुकुट जमिनीवर टाकून एल्फगिफू व तिची आई यांच्या सहवासात रमलेला आढळला आणि मठाधिपती डन्स्टन याने त्याला ओढत परत आणले, असे डन्स्टनच्या चरित्रात म्हटले आहे. हे चरित्र सुमारे १००० साली, म्हणजे घटनेनंतर चाळीसेक वर्षांनी, डन्स्टनच्याच परिवारातील एका धर्मगुरूने लिहिले, आणि डन्स्टनला हद्दपार करणारा राजा हाच होता. ज्या एल्फगिफूची त्यात एवढी निंदा आहे, ती एडविगची विवाहित पत्नी होती. ९५८ मध्ये आर्चबिशप ओडा याने जवळच्या नात्याचे कारण देऊन त्या दोघांना विभक्त केले. तिला मुलगा झाला असता तर धाकटा भाऊ एडगर याचा वारसा हुकला असता, हेही येथे ध्यानात घ्यावे.

माझ्या मते, या राजाचा खरा ठसा त्याच्या दानपत्रांत आहे. एकट्या ९५६ या वर्षातील त्याची साठाच्या आसपास दानपत्रे उपलब्ध आहेत, आणि त्या काळातील दुसऱ्या कोणत्याही राजाची एका वर्षातील इतकी दानपत्रे आढळत नाहीत. याला कोणी उधळपट्टी म्हणतात. मला मात्र त्यात चुलत्याच्या काळातील बड्या मंडळींनी वेढलेला एक मुलगा जमिनी देऊन स्वतःची माणसे जोडताना दिसतो.

तो प्रयत्न पुरा पडला नाही. ९५७ मध्ये थेम्स नदीच्या उत्तरेचा प्रदेश एडगरकडे गेला. तरीही नाणी एडविगच्याच नावाने पडत राहिली, म्हणून याला सरसकट बंड म्हणणे मला घाईचे वाटते. १ ऑक्टोबर ९५९ रोजी, विशीच्या आतच, तो मरण पावला आणि विंचेस्टर येथे त्याचे दफन झाले. त्याच शतकाच्या अखेरीस राजघराण्याशी नाते सांगणाऱ्या एथेलवर्ड या सरदाराने लॅटिनमध्ये इतिहास लिहिला. त्यात लोक या राजाला त्याच्या देखणेपणावरून ‘सर्वांगसुंदर’ म्हणत आणि तो प्रेमास पात्र होता, अशी नोंद आहे.