आधी पुरतं ऐकून घे

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. हर्णैला मच्छीमार संस्थेत रुजू होऊन महिना होतो न होतो, तोच ‘ही माणसं ऐकतच नाहीत’ म्हणून वैतागलीस. नोटीस लावली, तोंडी सांगितलं, तरी डिझेल परताव्यावरून, म्हणजे डिझेलवरच्या कराचे जे पैसे सरकार मच्छीमारांना परत देतं त्यावरून, रोज वाद. तू सांगितलंस खरं, पण त्यांचं ऐकलंस का?

आपल्याकडचा माणूस मुद्द्यावर एकदम येत नाही. वारा, मासळीचा भाव, इंजिनाचं काम, मुलाचं कॉलेज, असं सगळं होतं आणि उठता उठता जे बोलतो त्यासाठीच तो आलेला असतो. तू दुसऱ्याच वाक्याला उत्तर देऊन मोकळी होतेस. हे सगळ्यांचंच होतं म्हणा. 2009 मध्ये दहा भाषांतल्या संभाषणांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. प्रश्न संपून उत्तर सुरू होईपर्यंत सरासरी सेकंदाचा जेमतेम पाचवा भाग जातो, असं त्यात दिसलं. एवढ्यात वाक्य जुळत नाही. म्हणजे समोरचा बोलत असतानाच आपण उत्तर रचायला लागलेलो असतो. गप्पा-गजालींमध्ये ते खपतं, तक्रार ऐकताना नाही. अशा वेळी वही पुढे ओढ आणि लिहून घेत जा. हात गुंतला की जीभ आवरते.

मग ऐकलेलं आपल्या शब्दांत त्यांनाच परत सांग. कार्ल रॉजर्स आणि रिचर्ड फार्सन या मानसशास्त्रज्ञांनी 1957 मध्ये या ऐकण्यावर लिहिलं, तेव्हापासून प्रशिक्षणांत ते शिकवतात. काउंटरवर ते असं दिसतं:

“परतावा आला नाय.”
“म्हणजे मार्चचा आला, एप्रिलचा राहिलाय. असंच ना काका?”
“नाय गो, एप्रिलचाच आला. पन भावाच्या खात्यात गेला.”

बघ, तू नियम समजावत बसली असतीस आणि घोळ होता खाते क्रमांकाचा. चिडलेला तांडेलसुद्धा (बोटीचा प्रमुख) आपलं म्हणणं नीट पोचलंय हे कळलं की आवाज खाली आणतो. पोपटासारखं तेच शब्द मात्र परत म्हणू नकोस, थट्टा केल्यासारखं वाटतं.

तुला प्रशिक्षणात सांगितलं असेल की संवादात शब्दांचा वाटा फक्त 7 टक्के, बाकी सगळा आवाज आणि चेहरा. त्यावर विसंबू नकोस. अल्बर्ट मेहराबियन यांच्या 1967 मधल्या प्रयोगांतून तो आकडा आला आणि ते प्रयोग भावनांपुरते होते: शब्द एक सांगतोय आणि सूर किंवा चेहरा दुसरंच, तर माणूस कशावर विश्वास ठेवतो? सगळ्याच बोलण्याला तो आकडा लागू असता, तर समुद्रातून आलेला फोन कुणालाच कळला नसता. त्यातलं घ्यायचं ते एवढंच: तोंडाने “बोला काका” आणि डोळे कॉम्प्युटरवर, तर काका डोळ्यांवरच विश्वास ठेवतात.

वेळ बघून बोलत जा. बंदरावर लिलाव चालू असताना मावशीला आधार कार्ड मागितलंस तर ती खेकसणारच. तिचं लक्ष टोपलीवर आणि भावावर असतं. कुणाची थकबाकी चारचौघांत काढू नकोस. “तुम्ही कागद दिलाच नाहीत” म्हणण्यापेक्षा “हा एक कागद राहिलाय” म्हण, काम तेच होतं. तिरकस बोलणं अंगाला लावून घेऊ नकोस. इथे जवळच्या माणसालाच टोमणा मारतात (हे पटायला तुला दोन पावसाळे जातील).

काम होणार नसेल तर तसं त्याच दिवशी सांग, कारणासकट. “बघू” म्हणालीस की माणूस आठवडाभर आशेवर राहतो, मग भांडायलाच येतो. आणि पैशाचा विषय व्हॉट्सअ‍ॅपवर नको. तिथे तुझा सूर पोचत नाही, वाचणारा आपल्या रागाचा सूर लावून वाचतो. फोन कर, नाहीतर घरी जा.

1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. माणसं घरी सापडतात, जाळी दुरुस्त करत बसलेली असतात. त्याआधी ज्यांच्या खात्यांत घोळ आहे त्यांची यादी करून ठेव आणि मग बंदीत एकेकाकडे जाऊन ये. पहिली त्या भावाच्या खात्याची भानगड मिटव. दोघा भावांना एकत्र बसवण्याआधी वेगवेगळं भेट.

घरी सर्वांना नमस्कार सांग.

तुझा,
काका