एक्सेलमध्ये फक्त कोरे सेल एकदम निवडून त्यांत वरचंच नाव कसं भरायचं?

तालुक्याचं नाव गटाच्या पहिल्याच ओळीत आहे, खाली गावांसमोरचे सेल कोरे आहेत, यादी अडीच हजार ओळींची आहे आणि वरचं नाव खाली ओढत बसायचं नाही, असा तुमचा प्रश्न आहे. यासाठी एक्सेलमधलं ‘गो टू स्पेशल’ पुरतं, मॅक्रो (आपोआप काम करणारा छोटा प्रोग्राम) नको.

तालुक्याचा रकाना ए असेल तर आधी ए२ ते ए२५०० एवढाच भाग निवडा. ही पायरी गाळू नका. एकच सेल निवडलेला असला की एक्सेल पूर्ण शीट धुंडाळतं, मग फोन नंबरच्या रकान्यातले कोरे सेलही निवडीत येतात. रकान्यात मर्ज केलेले सेल असतील तर ते आधी अनमर्ज करा. आता एफ५ दाबा (काही लॅपटॉपवर सोबत एफएन लागतं, नाहीतर कंट्रोल + जी), ‘स्पेशल’, ‘ब्लँक्स’, ओके. इथून पुढे माउसला हात लावू नका, क्लिक केलंत की निवड गेली. = टाइप करा, वरचा बाण एकदा दाबा आणि नुसत्या एंटरऐवजी कंट्रोल + एंटर. सगळे कोरे सेल भरतील. नावाऐवजी =ए२ असंच लिहिलेलं दिसलं तर रकान्याचं फॉरमॅट ‘टेक्स्ट’ आहे. अनडू करून ‘जनरल’ करा आणि पुन्हा करा.

काम इथे संपत नाही. भरलेल्या सेलमध्ये नावं नाहीत, वरच्या सेलचा संदर्भ देणारी सूत्रं आहेत. तसंच ठेवून गावांप्रमाणे सॉर्ट केलंत तर तालुके भलत्याच गावांसमोर जातील, आणि एररही दिसणार नाही. म्हणून ए२ ते ए२५०० पुन्हा सलग निवडा, कॉपी करा आणि त्याच जागी ‘पेस्ट स्पेशल’मधून ‘व्हॅल्यूज’.

‘नो सेल्स वेअर फाउंड’ असा निरोप आला, तर दिसायला कोरे असलेले सेल एक्सेलच्या लेखी कोरे नाहीत. दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून आलेल्या फाइलींत हे नेहमीचंच. बाजूच्या रकान्यात =लेन(ए३), म्हणजे इंग्रजीत =LEN(A3), लिहून पाहा; ते सेलमधली अक्षरं मोजतं. उत्तर १ किंवा जास्त असेल तर आत स्पेस आहे: कंट्रोल + एच, ‘मॅच एंटायर सेल कंटेंट्स’वर खूण, वर सेलमधूनच कॉपी केलेली स्पेस, खाली काही नाही. ती खूण विसरलात तर नावांमधल्या स्पेसही उडतील. उत्तर ० असेल तर आत एखादं सूत्र रिकामा मजकूर देतंय, किंवा तसा मजकूर व्हॅल्यू म्हणून पेस्ट झालाय. सूत्र असेल तर आधी व्हॅल्यूज करा. मग रकाना निवडून ‘डेटा’मधलं ‘टेक्स्ट टू कॉलम्स’ चालवा, म्हणजे सेल खरोखर कोरे होतात. मात्र त्यात ‘डिलिमिटेड’ घेऊन ‘स्पेस’वरची खूण काढलेली आहे ना, हे बघा, नाहीतर ‘उत्तर सोलापूर’चे दोन तुकडे होऊन ‘सोलापूर’ शेजारच्या रकान्यात जाईल.

‘गो टू स्पेशल’च्या खिडकीतला ‘कॉन्स्टंट्स’ (सूत्राने न आलेले, थेट लिहिलेले सेल) हा पर्याय माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित आहे. बेरजेच्या किंवा जीएसटीच्या रकान्यात कुणी सूत्र पुसून हाताने आकडा टाकलाय का, हे शोधायचं असेल तर रकाना निवडा, ‘कॉन्स्टंट्स’ घ्या आणि खालची फक्त ‘नंबर्स’ची खूण ठेवा. निवडले गेलेले सेल म्हणजे संशयित. पिवळा रंग देऊन टाका.

हाताने लपवलेल्या किंवा ग्रुप करून मिटलेल्या ओळी कॉपीत येत असतील तर कंट्रोल + सी आधी ऑल्ट + ; (सेमीकोलन) दाबा, म्हणजे दिसणारेच सेल निवडले जातात. पेस्टला मात्र याचा उपयोग नाही: फिल्टर लावलेल्या यादीत अनेक सेल पेस्ट केले की ते लपलेल्या ओळींतही पडतात.

आणि ‘ब्लँक्स’ निवडून ओळी डिलीट करायच्या असतील तर निवड गावाच्या नावासारख्या हमखास भरलेल्या एकाच रकान्यापुरती ठेवा. पूर्ण तक्ता निवडलात तर फोन नंबर नसलेलं प्रत्येक गाव यादीतून जाईल.