साडीचा खरा रंग कोणता?

प्रश्न : राजवाड्याजवळच्या दुकानात ट्यूबलाइटखाली महेश्वरी साडी आणि ब्लाउजपीस अगदी एका रंगाचे दिसले. घरी गच्चीवर पाहिले तर साडी मोरपंखी आणि ब्लाउजपीस निळसर! जावईबापू म्हणतात, 'रंग वस्तूत नसतोच, पाहणाऱ्यात असतो.' खरं काय? – एक वाचक, इंदूर

उत्तर : जावईबापू अर्धे बरोबर आहेत. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकने १६९०च्या ग्रंथात आकार, संख्या, गती, भरीवपणा यांना प्राथमिक गुण म्हटलं आणि रंग, चव, वास, उष्णता यांना दुय्यम. पण दुय्यम म्हणजे मनाचे खेळ नव्हेत. आपल्यात संवेदना उठवण्याची ती वस्तूतली शक्ती, असं तो म्हणतो. सगळे घसरतात ते इथेच.

कोणत्या लांबीच्या प्रकाशलहरी किती परतवायच्या, हे कापडावरचं रंगद्रव्य ठरवतं. दिसणारा पट्टा साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटरचा. डोळ्यात मात्र रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी तीनच प्रकारच्या. त्यामुळे दोन निराळी रंगद्रव्यं एका दिव्याखाली सारखी दिसतात, दुसऱ्याखाली फुटून निघतात. याला मेटामेरिझम म्हणतात. म्हणजे फरक कापडांत होताच, ट्यूबलाइटने तो झाकला. पुढच्या वेळी दोन्ही कापडं एकमेकांना चिकटवून दाराशी, थेट ऊन टाळून पाहा आणि मग दिव्याखाली. दोन्हीकडे जुळली तरच घ्या.

लॉकचा पाण्याचा दाखला घरी करून पाहता येतो. तीन पातेली घ्या : १५ अंशांचं गार, ४० अंशांचं गरम आणि मधलं २७ अंशांचं. एक हात गारात, दुसरा गरमात, दोन्ही एकाच वेळी मिनिटभर. मग दोन्ही मधल्यात. तेच पाणी एका हाताला ऊन लागतं, दुसऱ्याला गार, कारण त्वचा आधीच्या तापमानाला सरावलेली असते. गार-गरम पातेल्यांतून हात लगेच काढले तर फरक नीट जाणवत नाही. मधलं पातेलं लहान असेल तर हातांनीच पाणी बदलतं. दोन लिटर तरी हवं. थर्मामीटर मात्र एकच आकडा दाखवतो.

आयरिश तत्त्वज्ञ बर्कलीने १७१०मध्ये लॉकला कोंडीत पकडलं : आकारही जवळून मोठा, लांबून लहान दिसतो, मग तो तरी वस्तूत कसा? आक्षेप जबरदस्त आहे, पण साडी टेपने मोजली की दुकानातही साडेपाच मीटर आणि गच्चीवरही.

प्रश्न : वैशेषिकांचे, म्हणजे त्या प्राचीन भारतीय दर्शनाच्या विचारवंतांचे, गुण हेच का? – तेच वाचक

उत्तर : नाही. त्यांच्या २४ गुणांत रंग, म्हणजे 'रूप', द्रव्यातच राहतो. पण रूप फक्त डोळ्याला कळतं, संख्या आणि परिमाण (आकारमान) डोळ्याला व त्वचेला दोन्हींना, हे त्यांनी नोंदलं आहे. लॉकची विभागणी याच्या बरीच जवळ जाते. सांख्य दर्शनातले सत्त्व-रज-तम मात्र यात ओढू नका. तिथे 'गुण' हा शब्द तेवढा एक आहे.